स्मरण तिसरं आहे



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, सातवा स्कंध, पाचवा अध्याय, श्लोक २३ आणि २४.

प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. हिरण्यकशिपू छोट्या प्रल्हादाला मांडीवर घेतो आणि कौतुकानं विचारतो, की बाळा, इतके दिवस गुरुजींकडे शिकलास, त्यातलं तुला सगळ्यात चांगलं काय वाटलं? बापाला अपेक्षा राजनीतीची. पोरगं सांगतं नवविधा भक्ती. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन. पुढे बापाचा कसा भडका उडाला ते आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

आज मला या यादीतला फक्त क्रम बघायचाय. स्मरण तिसरं आहे. त्याच्या आधी दोन पायऱ्या आहेत आणि त्याच्यानंतर सहा.

हा क्रम डोक्यात घोळायला लागला तो एका मैत्रिणीच्या प्रश्नामुळे. ती पुण्यात आयटीत आहे, आजी नाशिकच्या एका वृद्धाश्रमात. आजीनं आयुष्यभर रोज संध्याकाळी हरिपाठ केला. आता तिला नातीचं नाव आठवत नाही. विठ्ठलाचा फोटो समोर धरला तर कधीकधी विचारते, "हे कोण गं?" मैत्रीण म्हणाली, "गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाबद्दल वाचलं आणि रात्रभर झोप लागली नाही. जिला देवच आठवत नाही तिचं शेवटी काय होणार? आणि तिथं आता मेमरी ट्रेनिंगचे वर्ग सुरू करणार आहेत. त्याचा काही उपयोग होतो का रे, की नुसता टाइमपास?"

प्रश्न दोन आहेत, एक वैद्यकाचा आणि एक शास्त्राचा. मी डॉक्टर नाही आणि कीर्तनकारही नाही. कोड लिहून पोट भरतो. पण एकलहऱ्यात राहतो, वडील इथल्या वीज केंद्रातून निवृत्त झाले, आणि गेलं वर्षभर कॉलनीतले आम्ही तिघं-चौघं दर रविवारी नाशिकरोडच्या बाजूच्या एका वृद्धाश्रमात जातो. तिथं जे बघितलं आणि त्यासाठी जे वाचलं, ते प्रल्हादाच्या क्रमानंच मांडतो.

पहिलं: श्रवण

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबत चित्रांची कार्डं, कोडी, टॅबलेटवरचे खेळ असं सगळं होतं. तिथल्या परिचारिका ताई हसल्या आणि म्हणाल्या, "खेळ मागनं खेळा. आधी कान बघा."

ताईंचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध आहे. जे नीट ऐकूच आलं नाही, ते आठवणार कुठून? आपण म्हणतो, आजोबा विसरले. खरं तर ती गोष्ट आत गेलेलीच नसते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यात ऐकू कमी येणं आहे, उपचार न झालेली दृष्टीची अडचण आहे, एकटेपणा आहे, नैराश्य आहे, मधुमेह आणि रक्तदाबही आहे. या सगळ्यांकडे वेळेवर लक्ष दिलं तर जगभरातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकतील असा त्यांचा अंदाज आहे.

म्हणून आश्रमातल्या स्मरणवर्गाची पहिली दहा मिनिटं अशी जातात: श्रवणयंत्राचा सेल चालू आहे का, कानात मळ साठलाय का, चष्मा स्वतःचाच आहे ना (शेजारच्या खाटेवरचा लावलेला असतो बऱ्याचदा!), टीव्ही बंद आहे ना, बोलणारा माणूस उजेडात आणि समोर बसलाय ना. यात काही ग्लॅमर नाही. पण श्रवणभक्ती म्हणजे फक्त आपण प्रवचन ऐकणं नाही. दुसऱ्याला ऐकू येईल अशी व्यवस्था करणं हीसुद्धा श्रवणाचीच सेवा आहे.

अजून एक गोष्ट इथंच सांगतो, कारण ती महत्त्वाची आहे. प्रत्येक विसराळूपणा म्हणजे अल्झायमर नव्हे. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, यांनीही म्हातारी माणसं विसरायला लागतात, आणि यातलं बरंच काही उपचारानं सुधारतं. आणि कालपर्यंत बरा असलेला माणूस आज अचानक असंबद्ध बोलायला लागला, तर ते 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. लघवीच्या संसर्गानंही असं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दुसरं: कीर्तन

कीर्तन म्हणजे मोठ्यानं म्हणणं, आणि आपल्याकडे ते एकट्यानं होत नाही. एक जण पुढे म्हणतो, बाकीचे धरतात. टाळ वाजतो, अंग डोलतं. ज्याला शब्द येत नाही तोही तोंड हलवतो आणि पुढच्या ओळीपर्यंत पोचतो.

आता हे बघा. इंग्लंडमध्ये एमी स्पेक्टर, बॉब वुड्स, मार्टिन ऑरेल या संशोधकांनी स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी एक पद्धत बसवली. मराठीत तिला 'बौद्धिक चेतना उपचार' म्हणूया. छोटा गट, आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, एकूण १४ सत्रं. २००३ मध्ये त्यांनी वृद्धाश्रमांतल्या आणि दिवसाच्या देखभाल केंद्रांतल्या मिळून २०१ जणांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. गटात बसलेल्यांची स्मृती-आकलनाची चाचणी आणि त्यांनी स्वतः सांगितलेलं जगण्याचं समाधान, दोन्ही बाकीच्यांपेक्षा चांगलं निघालं. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंशासाठी आज हीच पद्धत सुचवलेली आहे. आपल्याकडे चेन्नईच्या स्कार्फ या संस्थेनं तमिळ घरांना रुचेल असं तिचं रूप तयार करून वापरलं.

त्या पद्धतीतलं एक तत्त्व मला फार आवडलं: माहिती विचारू नका, मत विचारा.

"आज वार कोणता?" असा प्रश्न टाकला की म्हातारा माणूस दोन सेकंदांत परीक्षेला बसतो. उत्तर चुकलं की सगळ्यांसमोर नापास. पण "पुरणपोळी चांगली की मांडे?" असं विचारा. यात चूक उत्तर नाहीच. आमच्या गटात खानदेशातल्या एक आजी आहेत. बाकी दिवसभर त्या चकार शब्द बोलत नाहीत. मांड्यांचा विषय निघाला तशा सरसावून बसल्या आणि उलट्या मडक्याच्या तव्यावर मांडा कसा टाकायचा ते दोन्ही हात पसरून दाखवायला लागल्या. हातांना आठवत होतं. मग हातांमागून शब्द आले, शब्दांमागून माहेरच्या गावाचं नाव आलं. वार कोणता ते त्यांना तेव्हाही सांगता आलं नसतं. पण त्या पंधरा मिनिटांत त्या वृद्धाश्रमातल्या 'केस' नव्हत्या, त्या खोलीतल्या सगळ्यात जाणत्या बाई होत्या.

नाशिककरांना विषयांना काय तोटा? रंगपंचमीची रहाड. द्राक्षाचा हंगाम. सिंहस्थ, २००३ चा की २०१५ चा, की त्याहून आधीचा? गोदेचा पूर. मारुतीला पाणी कुठवर लागलं होतं? एक विषय, चार वस्तू हाताळायला, एखादं गाणं, थोडी चेष्टा. झाला वर्ग.

आणि शेवटी हरिपाठ. इथं मी दर रविवारी थक्क होतो. दुपारी काय जेवले ते न आठवणारे आजोबा हरिपाठाचे अभंग एकामागून एक म्हणत जातात, तेही ठेक्यात. मेंदूच्या अभ्यासकांकडे याचं कारण आहे. अल्झायमरमध्ये नव्या घटना साठवणारा भाग लवकर दुबळा होतो. चाल, ठेका, हाताची सवय, लहानपणापासून हजारदा म्हटलेलं, हे बरंच उशिरापर्यंत टिकून राहतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी त्या आजोबांच्या घरी कुणीतरी दिवेलागणीला त्यांना बळेच बसवलं असेल. त्यांचा तेव्हाचा कंटाळा आज त्यांचा आधार झालाय.

तिसरं: स्मरण

आता खुद्द स्मरणाचा सराव. मैत्रिणीचा प्रश्न होता, याचा उपयोग होतो का? प्रामाणिक उत्तर: होतो, पण जिथं सराव तिथं. आणि त्यानं आजार बरा होत नाही.

अमेरिकेत 'ॲक्टिव्ह' नावाचा मोठा प्रयोग झाला. ६५ वर्षांवरचे, स्वतंत्र राहणारे २,८३२ लोक. काहींना आठवणीच्या युक्त्या शिकवल्या, काहींना तर्काचे सराव दिले, काहींना वेगानं बघून ओळखण्याचे. २००२ मध्ये पहिले निष्कर्ष आले: ज्याचा सराव केला, ते सुधारलं. ज्याचा केला नाही, ते नाही सुधारलं. दहा वर्षांनी बघितलं तर तर्क आणि वेग यांचा फायदा काही प्रमाणात टिकला होता, आठवणीच्या सरावाचा टिकला नव्हता. मात्र तिन्ही गटांतले लोक सांगत होते की रोजच्या कामांत त्यांना कमी अडचण येते.

म्हणजे 'रोज सुडोकू सोडवा, मेंदू तरुण ठेवा' छापाच्या जाहिरातींवर जाऊ नका. ज्या आजीला स्वतःची खोली सापडत नाही, तिला खोली सापडण्याचाच सराव द्यायचा. त्याची एक साधी पद्धत आहे. लँडॉअर आणि बियॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये वाढत्या अंतरानं आठवून बघण्याचा उपयोग दाखवला, आणि पुढे कॅमेरॉन कॅम्प यांनी तीच कल्पना अल्झायमर असलेल्या लोकांसाठी वापरली. करायचं असं:

"आजी, तुमची खोली तुळशीजवळची." लगेच विचारायचं, "तुमची खोली कुठली?" "तुळशीजवळची." एका मिनिटानं पुन्हा. मग दोन मिनिटांनी, चारनं, आठनं. मधल्या वेळात इकडच्या तिकडच्या गप्पा. उत्तर आलं नाही तर "आठवा, आठवा" करत ताणायचं नाही. बरोबर उत्तर आपणच सांगायचं, त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्यायचं, आणि मागच्या जमलेल्या अंतरावर परत यायचं. चुकीचं उत्तर तोंडात बसू द्यायचं नाही.

एकलहऱ्याच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. आमच्याकडे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. पूर्ण थंड पडलेला संच पुन्हा चालू करायचा तर बॉयलर पेटवून सगळं हळूहळू तापवत आणावं लागतं, कितीतरी तास जातात. नुकताच बंद झालेला, अजून धग असलेला संच त्यामानानं लवकर उभा राहतो. आठवणीचंही तसंच. पूर्ण निवायच्या आत तिला पुन्हा एकदा जागवायची, आणि हळूहळू हे अंतर वाढवत न्यायचं.

आपल्या परंपरेला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? आमच्या गावापासून गोदेच्या वरच्या अंगाला टाकळी आहे. समर्थ रामदासांनी तिथं बारा वर्षं तप केलं असं आपण मानतो. ते तप म्हणजे काय? एकच नाम, पुन्हा पुन्हा, रोज, ठरल्या वेळी. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थ याच नऊ भक्ती एकेका समासात सांगतात आणि तिसऱ्या समासात नामस्मरणाशी येतात. वेदपाठी मंडळी तर क्रम, जटा, घन अशा पद्धतींनी तेच शब्द उलटसुलट जोडून म्हणतात. एखादा शब्द सुटला तर दुसऱ्या पाठात लगेच पकडला जातो. आम्ही लोक डेटा पाठवताना चेकसम लावतो, त्यांनी तो जिभेवर लावला. स्मरण ही आपल्याकडे कधी देणगी मानली गेली नाही. ती साधना आहे, आणि साधना म्हटलं की वेळापत्रक आलं.

फक्त एक भर. नुसत्या सरावाला जीव नसतो, आठवायला कारण लागतं. एलेन लँगर आणि जुडिथ रॉडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, इथलं तुमचं जगणं कसं असावं ते तुम्ही ठरवा, आणि हे रोपटं घ्या, याची काळजी तुम्ही घ्यायची. दुसऱ्या मजल्यावर रोपटं दिलं, पण पाणी घालायचं परिचारिकांनी. काही आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त सतर्क, जास्त हौशी दिसायला लागले. पुढे १९७९ मध्ये लँगर आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या स्मृतीवरच काम केलं आणि दिसलं की आजूबाजूचं लक्षात ठेवायला काही निमित्त असेल, तर आठवण सुधारते.

आपल्या वृद्धाश्रमांत माणसाला सगळं हातात मिळतं. चहा वेळेवर, गोळी वेळेवर, दिवाही दुसरंच कुणी लावतं. सोय खूप आणि लक्षात ठेवायचं काहीच नाही. ताईंनी यावर उपाय काढला. ज्याला जमेल त्याला एकेक तुळस दिली. पाणी ज्याचं त्यानं घालायचं. आजकाल एक काका सकाळी दुसऱ्यांना उठवायला जातात, "अहो, तुमची तुळस सुकली बघा!" स्वतःच्या गोळ्या ते अजूनही विसरतात. तुळस मात्र विसरत नाहीत.

आणि विसरलेल्यांचं काय?

आता मैत्रिणीच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. तो जास्त जड आहे.

आकडा बघितला तर हा प्रश्न एका आजीचा नाही. देशभरातल्या वृद्धांच्या मोठ्या अभ्यासावरून २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. यांतल्या कितीतरी जणांनी जन्मभर देव-देव केलं असेल. वाऱ्या केल्या असतील, पारायणं केली असतील. ते सगळं शेवटच्या दोन-चार वर्षांत पुसलं गेलं, म्हणून वाया गेलं का?

गीता आठव्या अध्यायात म्हणते खरी, की अंतकाळी जे आठवेल तशी गती मिळते. पण सहावा श्लोक नीट वाचा. शेवटी जे आठवतं ते का आठवतं, तर माणूस जन्मभर त्याच भावात मुरलेला असतो म्हणून. भर त्या मुरण्यावर आहे. आणि लगेच सातव्या श्लोकात भगवान म्हणतात की म्हणून सगळ्या काळी माझी आठवण ठेव आणि आपलं काम कर. म्हणजे हा उपदेश आहे तो धडधाकट अर्जुनाला, रणांगणावर. तुम्हाला आणि मला. खाटेवरच्या आजीची शेवटची तोंडी परीक्षा घेण्यासाठी तो दिलेला नाही.

मग पंधराव्या अध्यायाचा पंधरावा श्लोक. भगवान सांगतात की ते सगळ्यांच्या हृदयात बसलेले आहेत, आणि स्मृती, ज्ञान, आणि त्यांचं दूर होणं, तिन्ही त्यांच्यापासूनच होतं. हा तिसरा शब्द आपण वाचताना घाईनं ओलांडतो. विस्मरणही त्याच्या बाहेरचं नाही. आजी जिथं हरवली आहे असं आपल्याला वाटतं, तिथंही तो आधीपासून बसलेला आहे. हृदयात म्हटलंय, मेंदूत नव्हे.

याही पुढे एक वचन आहे. वराहपुराणातलं म्हणून ते सांगितलं जातं आणि दक्षिणेतले श्रीवैष्णव ते फार जपतात. वराहरूपातले भगवान भूदेवीला धीर देतात. त्याचा आशय असा, की शरीर-मन ठीक असताना ज्यानं देवाची आठवण ठेवली, तो अखेरीला काष्ठापाषाणासारखा झाला, त्याला काहीच कळेनासं झालं, तरी हरकत नाही. त्या वेळी आठवण ठेवण्याचं काम देव स्वतःकडे घेतो आणि भक्ताला घेऊन जातो.

मैत्रिणीला मी हेच सांगितलं. तुझ्या आजीनं तिची पाळी केली. रोज संध्याकाळी, साठ वर्षं. आता ड्यूटी बदलली आहे. आता तो तिला आठवतोय.

चौथ्यापासून पुढचं

इथं प्रल्हादाचा क्रम पुन्हा बघा. स्मरणानंतर यादी संपत नाही. पादसेवन आहे, वंदन आहे, सख्य आहे. पाय चेपायला, हात हातात घ्यायला, शेजारी बसायला समोरच्याला आपलं नाव आठवावं लागत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट पाहिला नसेल तर जरूर पाहा. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात संस्कृतच्या एका विद्वानाची भूमिका केली आहे. जन्मभर शास्त्र शिकवलेला माणूस सगळं विसरत जातो, एका हत्तीच्या मागे निघून जातो, आणि माहुताच्या बायकोला आई म्हणतो. ती बाई त्यांची विद्वत्ता जाणत नाही, पण त्यांना सांभाळते. लेकीला आपला जुना बाप परत हवा असतो. त्या बाईकडे तुलना करायला जुना बापच नसतो. समोर आहे तो माणूस ती घेते.

आपण भेटायला जातो तेव्हा दारातच काय विचारतो? "ओळखलंस का मला?" प्रश्न प्रेमाचा असतो, पण समोरच्याला तो पेपरसारखा लागतो. आणि उत्तर आलं नाही की आपला चेहरा पडतो. तो पडलेला चेहरा आजीला दिसतो. का पडला ते तिला कळत नाही, एवढंच.

हे मी नुसतं भावनेनं म्हणत नाही. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमर असलेल्या लोकांना आधी दुःखी आणि मग आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळानं त्यांना काय बघितलं ते जवळजवळ आठवत नव्हतं. पण ती भावना मागे रेंगाळत राहिली होती. घटना गेली, ऊब राहिली. म्हणून "मी येऊन गेलेलं तिला पाच मिनिटांत आठवत नाही, मग जाऊन उपयोग काय?" असं कुणी म्हणालं, तर हा प्रयोग सांगा. तुम्ही येऊन गेलात हे ती विसरेल. ती संध्याकाळ मात्र तिला बरी जाईल, आणि का बरी गेली हे तिला ठाऊक नसेल.

तेव्हा वर्ग जरूर सुरू होऊ द्या. खोली सापडली, घंटा कुठली ते कळलं, शेजारणीचं नाव तोंडी बसलं, तर त्या माणसाचा दिवस थोडा कमी भीतीचा होतो, आणि एवढ्यासाठी ती सगळी मेहनत करावी. फक्त आपल्या समाधानासाठी त्यांच्याकडून उत्तरं काढायचा तो कारखाना होऊ नये. भक्तीच्या नऊ वाटांपैकी एक वाट वयानं बंद झाली, तर उरलेल्या आठांवर आपण त्यांच्यासोबत चालू शकतो. त्यांतल्या काहींवर आता चालणारे आपण असू आणि पाय त्यांचे.

आजचा संकल्प

१. आपल्या घरातलं किंवा वृद्धाश्रमातलं जे कुणी विसरायला लागलंय, त्यांना या आठवड्यात भेटा. जाताना प्रश्न नेऊ नका, ओळख न्या. "आजी, मी तुझी नात, पुण्याहून आलेय. तुझ्या हातची लसणाची चटणी आठवली म्हणून आले." बास. पुढचं तिच्यावर सोडा.

२. एक अभंग, एक स्तोत्र, जे त्यांनी तुम्हाला शिकवलं, ते त्यांच्यासमोर तुम्ही सुरू करा. मध्येच थांबा. पुढची ओळ तिकडून आली तर आनंद. नाही आली तर तुम्हीच पुढे म्हणा. कीर्तनात असंच असतं.

३. कुणाकडे कुठं दाखवावं, काय करावं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, क्रमांक १४५६७. नंबर सेव्ह करून ठेवा.

४. आणि स्वतःसाठी: रोज एका ठरल्या वेळी नाम. पाच मिनिटं पुरे. आत्ता मन ताळ्यावर आहे, जीभ वळते आहे. आपली पाळी चालू आहे तोवर ती नीट करू. पुढचं तो बघून घेईल, त्यानं तसा शब्द दिलाय.

उद्या याच अध्यायातला पुढचा भाग वाचू: चिडलेला बाप गुरुजींना जाब विचारतो तो.

राम कृष्ण हरी!